कंदील किलोवर विकू नका



आज रेसिपी नाही आणि पर्युषणाची तयारीही नाही. आज भांडायचं आहे, तेही आपल्याच माणसांशी. कुणाचं मन दुखावलं तर मिच्छामि दुक्कडम् आधीच म्हणून ठेवते, पण मुद्दा मागे घेणार नाही.

मुद्दा जुन्या दिव्यांचा. समई-निरांजनाबद्दल बोलत नाही. ती देवाजवळ बसतात, म्हणून जपली जातात. मी बोलते आहे कंदील, चिमणी, भिंतीवरचा दिवा, टेबलावरचा लॅम्प, छताला टांगायचा पितळी दिवा यांच्याबद्दल. रॉकेलवर जळायचे ते. गाभाऱ्यात ते कधी नव्हते म्हणून पवित्र नाहीत, आणि विजेवर चालत नाहीत म्हणून उपयोगाचे नाहीत. मग जीर्णोद्धार निघाला, घराला रंग काढला किंवा दिवाळीची साफसफाई आली, की सगळ्यात आधी जातात ते हेच. पोत्यात घालून, काट्यावर ठेवून, किलोच्या भावाने.

आमच्या वरोऱ्याहून फार लांब नसलेल्या एका गावात (गाव सांगत नाही, मंदिरही नाही) असाच जीर्णोद्धार झाला. संगमरवर आला, राजस्थानातले कारागीर आले, नव्या रंगमंडपासाठी जुनी धर्मशाळा आणि पेढीची खोली रिकामी झाली. त्यातून निघालेलं पितळ एका व्यापाऱ्याला दिलं. पावती फाडली, "जुनं पितळ, भंगार". पैसे भंडारात जमा झाले. आता कुणी विचारलं की उत्तर तयार आहे: देवद्रव्याला हात लागला नाही, पै-पैचा हिशेब आहे.

हिशेब आहे हे मान्य. मी स्वतः नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. आहे, लग्नानंतर पदवी पेटीत गेली तरी जमा-नावे अजून विसरले नाही. म्हणूनच सांगते, हिशेब जुळला म्हणजे व्यवहार बरोबर झाला असं होत नाही. घसारा काढत काढत वहीत एखादी वस्तू एक रुपयावर येते. ती एक रुपयाची झाली असं त्यामुळे कुणी म्हणत नाही. पुस्तकी किंमत वेगळी आणि बाजारभाव वेगळा, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. मंदिराचा प्लॉट विकायचा झाला तर हेच ट्रस्टी मूल्यांकन करून घेतील, भाव मागवतील, सभा घेतील. दिव्याला काय लागलं? एक वजनकाटा. तोच दिवा बफ मारून, नवी काच बसवून मुंबईच्या किंवा जयपूरच्या दुकानाच्या काचेत उभा राहिला की वजनाच्या भावाच्या कितीतरी पट जातो. मधला फरक कुणाचा होता? देवाचा होता. देवद्रव्य खाणं हे पाप, हे आपल्या पोराबाळांनाही माहीत आहे. पण त्याची उपेक्षा करणं, डोळ्यांदेखत नासू देणं, हाही दोषच सांगितला आहे. तो कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही.

त्या मालातला एक दिवा मी पाहिला. योगायोगाने नव्हे, मी भंगाराच्या दुकानांत जाते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर हसूनही झालं आहे. टांगता दिवा होता, साखळ्या तुटलेल्या, टाकी पितळेची, पोचे आलेली. टाकीच्या खालच्या बाजूला टोच्याने ठोकलेली अक्षरं होती. एका बाईचं नाव, पुढे "वर्षीतप", आणि संवत. नाव इथे लिहीत नाही, त्या घरची माणसं आहेत अजून. वर्षभर एक दिवसाआड उपास करून त्या बाईने पारण्याच्या निमित्ताने पेढीला दिवा दिला होता. यात्रेकरू रात्री उतरले तर त्यांना अंधारात पायऱ्या चढायला लागू नयेत, एवढाच त्याचा उपयोग.

मैत्रिणींनो, आपल्या मंदिरांच्या भिंतींवर संगमरवराच्या पाट्या बघा. नावं कुणाची आहेत? शेठ अमुक, सुपुत्र तमुक. बाईचं नाव आलंच तर "धर्मपत्नी" म्हणून शेवटच्या ओळीत. आपल्या आजीसासवांची नावं दगडावर चढली नाहीत. ती चढली ताटांवर, तांब्यांवर, घंटेवर आणि अशा दिव्यांवर, टोच्याने ठोकून. पाटीला जीर्णोद्धारात पुन्हा जागा मिळते. दिव्याला पोतं मिळतं.

तो दिवा मी सोडवला. घरी आणला नाही, कारण देवाची वस्तू घरात नको. पेढीवर नेऊन दिला आणि पावती मागितली. मुनीमजी म्हणाले, "ताई, पावती कशाची लिहू? ही वस्तू तर आमच्याकडून गेलेली आहे, वहीत नाही." मी म्हटलं, वहीत नाही हेच तर लिहून द्या. लिहून दिलं नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं काय आहे त्या घासलेटच्या दिव्यात? आधी या शब्दांचीच मजा बघा. रॉक ऑइलचं झालं रॉकेल, गॅसलाइटचं घासलेट, आणि आपल्या वऱ्हाड-चंद्रपूर भागात तर सरळ मातीचं तेल. दगडाचं असो की मातीचं, तेल आलं ते बाहेरून, आणि त्याने आपल्या घराची संध्याकाळ बदलली.

त्याच्या आधी आपल्याकडे जवस, एरंडी, करंज, तीळ, जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचं तेल जळायचं. ही तेलं जाड. वातीतून फार उंच चढत नाहीत. म्हणून पणतीत ज्योत तेलाला खेटूनच असते, आणि तेल कमी झालं की वात पुढे सरकवत बसावं लागतं. रॉकेल पातळ. ते वातीतून चार-पाच बोटं सहज वर चढतं. त्यामुळे तेल खाली टाकीत आणि ज्योत वर, अशी रचना जमली. पण एक अडचण होती. रॉकेलला हवा कमी पडली की ते नुसतं काळं ओकतं. उघड्या चिमणीने घरांचे आढे कसे काळे व्हायचे ते आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या बायकांना सांगायला नको. तेव्हा दिवा चांगला की वाईट हे ठरतं हवेवर, आणि हवेचा सगळा कारभार बर्नरकडे. गॅसच्या शेगडीचं छिद्र बुजलं की ज्योत पिवळी होते आणि पातेलं काळं होतं, हे आपण रोज बघतो. तेच शास्त्र.

म्हणून माझा जीव नक्षीदार टाकीपेक्षा बर्नरवर जास्त. लोक टाकी बघतात, मी फिरकी बघते. वात वर-खाली करायच्या त्या छोट्या चकतीवर बऱ्याचदा कारखान्याचं नाव किंवा खूण ठोकलेली असते. चपटी वात की गोल, वात धरणारी नळी एक की दोन, खालच्या जाळीची भोकं कशी, वरची टोपी कशी आणि काच धरणारे चिमटे किती, यावरून दिव्याचं कूळ कळतं. आपल्याकडे लग्न जुळवताना गोत्र विचारतात तसं.

गोलाकार वातीची कल्पना रॉकेलच्या आधीची आहे. जिनिव्हाच्या आर्गां नावाच्या माणसाने १७८० च्या सुमारास वात नळीसारखी गुंडाळून तिच्या आतूनही हवा खेळवली आणि वर काच ठेवली. काचेमुळे गरम हवा वर ओढली जाते आणि खालून ताजी येते, म्हणजे काच नुसती वाऱ्यापासून आडोसा नाही, ती दिव्याचं धुरांडं आहे. "चिमणी" हा शब्द आपल्याकडे त्यावरूनच आला, फक्त गंमत अशी की आपण ज्याला चिमणी म्हणतो त्या डबीवजा दिव्याला बहुतेक वेळा काच नसतेच! पुढे १८५३ मध्ये लव्होव शहरातल्या लुकासिएविच नावाच्या औषधवाल्याने रॉकेलचा दिवा केला, आणि तिथल्या इस्पितळात त्या उजेडात रात्री शस्त्रक्रिया झाली. १८५९ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ड्रेकची तेलविहीर लागली आणि रॉकेल स्वस्त झालं. मग काय, कारखान्यांची शर्यत लागली. १८६५ च्या आसपास बर्मिंगहॅमच्या हिंक्सने दोन चपट्या वाती शेजारी शेजारी ठेवून ड्युप्लेक्स बर्नर काढला. त्याच सुमारास बर्लिनच्या वाइल्ड अँड वेसेलने कॉसमॉस बर्नर आणला. त्यात वात घालायची चपटी, पण नळीतून वर जाताना ती गोल होते. साधी पट्टी घालून गोल ज्योत मिळते. हे पहिल्यांदा उघडून बघितलं तेव्हा मी अर्धा तास नुसती वात वर-खाली करत बसले होते, दूध उतू गेलं.

आणि कंदिलाच्या दोन बाजूंच्या नळ्या? दहा जणींना विचारा, नऊ जणी सांगतील की त्या धरायला किंवा काचेच्या राखणीला आहेत. नाही बरं. त्या हवेच्या वाटा आहेत. वरच्या घुमटातून हवा त्या नळ्यांत शिरते आणि खाली बर्नरला पोचते, म्हणून वारा सुटला तरी ज्योत फडफडत नाही. अमेरिकेत आयर्विन नावाच्या माणसाने १८६० चं दशक संपता संपता ही युक्ती काढली आणि डीट्झ कंपनीने ती जगभर नेली. बैलगाडीच्या आसाखाली टांगलेला कंदील चंद्रपूरपासून गडचिरोलीच्या जंगलापर्यंत रात्रभर न विझता जायचा तो याच्या जोरावर.

हे सगळं परदेशी झालं. पण आपलं काय, तर आपलं त्याहून मोठं आहे, आणि आपण तेच सगळ्यात आधी फेकतो.

अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग काढायची कल्पना मांडली, पैसा फंड. लोकमान्य टिळक पाठीशी उभे राहिले. त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. त्या काळी कंदिलाची काचसुद्धा बाहेरून यायची, हे लक्षात घ्या. पुढे १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ, औंध संस्थानाच्या मुलखात, ओगले ग्लास वर्क्स काढला. काचेपासून सुरू करून ते पुऱ्या कंदिलापर्यंत गेले आणि कंदिलाला वडिलांचं नाव दिलं, प्रभाकर. प्रभाकर म्हणजे सूर्य. कारखान्याभोवती जी वस्ती झाली तिचं नाव ओगलेवाडी. कारखाना बंद पडला, वाडीचं नाव राहिलं.

प्रभाकर कंदील महाराष्ट्रात कुठल्या घरात नव्हता? आपल्या आई-आजींनी त्याच्याच काचा पुसल्या आहेत. तो टिनाचा. त्यामुळे भंगारात त्याला लोखंडाचा भाव. शेजारी व्हिएन्नाच्या डिटमारचा पितळी बर्नर असेल तर त्याला पितळेचा. म्हणजे परक्याचा माल तिथेही भाव खातो, आणि लोकांनी एकेक पैसा देऊन उभ्या केलेल्या उद्योगाच्या वंशातला कंदील पत्र्याच्या ढिगात. तराजूला इतिहास कळत नाही हे समजू शकते, पण तराजू धरणाऱ्याच्या घरातल्या बाईला तरी कळावा की नाही?

आपली बाई म्हणून आणखी एक सांगते. आपल्या घरात दिव्याची वेळच वेगळी होती. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपायची, चूल विझायची, चौविहार घेतला की स्वयंपाकघरात दिव्याचं कामच नाही. सामायिक-प्रतिक्रमणाला दिव्याचा उजेड अंगावर पडू नये म्हणून उलट जपायचं. मग दिवा जळायचा कुठे? पेढीवर, पुरुषांची खातेवही लिहायला. आणि त्यासाठी दुपारी राख आणि फडकं घेऊन काच पुसायची कुणी, वातीची दोन टोकं कात्रीने जराशी गोल करायची कुणी (नाही केली तर ज्योतीला शिंगं येतात आणि काच एका बाजूने काळी होते), तेल काठोकाठ भरायचं नाही ही अक्कल कुणाची? माझ्या सासूबाई हे सगळं करायच्या आणि त्यांना स्वतःची सही करता येत नव्हती. ज्या उजेडात घराचा व्यापार लिहिला गेला तो उजेड त्यांच्या हातचा होता. खातेवह्या लाल कापडात बांधून लक्ष्मीपूजनाला मांडतात. कंदील विकतात.

स्वाध्याय मंडळात एक ताई मला म्हणाल्या, "तुम्ही एवढा परिग्रह वाढवता, आणि वर लेख लिहिता." बोलल्या ते बरं झालं, कारण मनात पुष्कळ जणींच्या आहे. उत्तर देते.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे नऊ प्रकार मोजतात: धन, धान्य, शेत, घर, चांदी, सोनं, माणसं, जनावरं, आणि कुप्य. कुप्य म्हणजे सोन्या-चांदीशिवायच्या धातूंची भांडीकुंडी, घरसामान. माझे दिवे कुप्यात येतात. मी नाकारत नाही. व्रत मोजायला सांगतं आणि मर्यादा घालायला सांगतं, तर मी घातली आहे: एकवीस दिवे. बाविसावा आला तर एक कुणाला तरी द्यायचा, आणि सुटा बर्नरही दिवाच धरायचा, पळवाट नाही. आता ज्या ताईंनी मला विचारलं त्यांनी, आणि आपण सगळ्यांनीच, कपाटातल्या साड्यांची, स्टीलच्या डब्यांच्या सेटची आणि लॉकरमधल्या डबीची मर्यादा किती घेतली आहे ते एकदा वहीत लिहून बघावं. सोनं साठवलं की "अडीअडचणीला", आणि पितळेचा दिवा ठेवला की परिग्रह? शिवाय तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तू मोजल्या नाहीत, मूर्च्छा पकडली, आसक्ती. ती कसोटी मला मान्य आहे. उद्या हे सगळे दिवे एखाद्या संग्रहालयाने नेले तर मला रात्री झोप लागेल का? शांत लागेल. भंगारात गेले तर लागणार नाही.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी पुढच्या वेळी कात्रजच्या आगम मंदिराचं दर्शन झालं की शहरात येऊन ते पाहावं. दिनकर केळकर हे कवी, "अज्ञातवासी" या नावाने लिहायचे. त्यांनी १९२० च्या सुमारापासून गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, भांडी, दरवाजे असल्या घरगुती वस्तू जमवल्या. राजांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ होते, स्वयंपाकघर जमवणारा हा एक. त्यांच्या या कामात पत्नी कमलाबाईंची साथ होती. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव संग्रहालयाला दिलं आणि शेवटी सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. भारतातल्या दिव्यांवर त्यांचं इंग्रजी पुस्तक १९६१ मध्ये निघालं. आता सांगा, ते परिग्रही होते की अपरिग्रही? वाड्यावाड्यांतून त्यांना ज्यांनी वस्तू दिल्या असतील त्यांतल्या कितीतरी बायका असतील, कारण अडकित्ता आणि दिवा बाईच्याच ताब्यात असतो.

दुसरा आक्षेप हिंसेचा. अग्नी म्हणजे तेउकाय जीव, शिवाय ज्योतीवर पाखरं मरतात, मग जैन बाईने दिव्यांचा शौक करावाच कशाला? माझे दिवे मी पेटवत नाही. एकही नाही. टाक्या कोरड्या आहेत, वाती काढून ठेवल्या आहेत. आणि जी मंडळी हा आक्षेप घेतात त्यांनी पावसाळ्यात अंगणातल्या एलईडी फोकसखाली सकाळी केरसुणी फिरवून बघावी, किती जीव निघतात ते. आपल्या देरासरात तुपाचा दिवा काचेच्या फानसात ठेवायची पद्धत का पडली? पाखरू ज्योतीपर्यंत पोचू नये म्हणून, जयणा म्हणून. कंदिलाची काच आणि फानसाची काच सख्ख्या बहिणी आहेत. उघड्या चिमणीवरून काचेच्या दिव्यावर माणूस आला, त्यात धूर कमी झाला आणि जीवही वाचले. हा बदल दाखवायला घरात दोन्ही ठेवावे लागतात, नुसतं सांगून नातवाला पटत नाही.

रॉकेलची आरती ओवाळणारी मी नाही. सुरुवातीच्या काळात नीट न गाळलेल्या रॉकेलमध्ये पेट्रोलसारखा हलका भाग राहायचा आणि दिवे फुटायचे. पुढेही भेसळीने फुटले. स्टोव्ह आणि दिव्यांनी भाजलेल्या बायका आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत, आणि त्यांतल्या सगळ्याच अपघाताने भाजल्या असं मला वाटत नाही. रेशनच्या निळ्या रॉकेलसाठी डबा घेऊन उन्हात रांगेत उभं राहणं, वरोऱ्याच्या मे महिन्यातल्या उन्हात, यात काही गोड नव्हतं. वीज आली ते उत्तम झालं. पण म्हणून पुरावा नष्ट करायचा? आमच्या गावात १८७० नंतर इंग्रज सरकारने कोळशाची खाण चालवली, १९०६ ला ती बंद झाली. खाणीखाली उतरणाऱ्या माणसाच्या हातात दिवा असणारच. तसा एक तरी दिवा आज वरोऱ्यात कुणी दाखवावा, मी त्याच्या घरी येऊन पाया पडेन. सगळे वितळले.

आता राहिली नवी फॅशन. ज्यांना जुन्याची आवड आहे त्यांच्याकडून जास्त नुकसान होतं आहे, हे लिहिताना वाईट वाटतं. लग्नाच्या मंडपात, फार्महाऊसवर, हॉलच्या कोपऱ्यात जुने कंदील टांगायचे आणि आत बल्ब. त्यासाठी टाकीला ड्रिलने भोक पाडायचं, वायर घालायची, बर्नर काढून फेकायचा. फेकायचा! अहो, नारळ ठेवून खोबरं फेकल्यासारखं हे. भोक पडलेली टाकी पुन्हा टाकी होत नाही. उजेडच हवा असेल तर बर्नरच्या जागी आटे बसतील असा होल्डर लावता येतो, वायर बाजूने काढता येते, आणि बर्नर कागदात गुंडाळून डबीत ठेवता येतो. डबी त्याच दिव्याखाली ठेवा म्हणजे हरवणार नाही. आणि बफचं चाक लावू नका. सोन्यासारखं चकाकतं खरं, पण फिरकीवरचं नाव आणि टाकीवरची टोच्याची अक्षरं त्या चाकाखाली झिजून जातात. घरी चिंच-मीठ लावून खसाखसा घासणाऱ्यांनाही हेच. मऊ फडकं पुरे. काळसरपणा हा मळ आहे असं कुणी शिकवलं आपल्याला?

विकणाऱ्यांची तऱ्हा निराळीच. एकाची टाकी, दुसऱ्याचा बर्नर, तिसऱ्याची काच, आणि कालच मुरादाबादेत ओतलेली साखळी जोडून "शंभर वर्षं जुना" म्हणून आपल्याच लेकी-सुनांना विकतात. बर्नर टाकीवर आटे न अडखळता बसतो का बघा. फिरकीवरच्या अक्षरांच्या कडा नव्या नाण्यासारख्या असतील तर पैसे खिशातच ठेवा. आणि खरोखरच शंभरी ओलांडलेली कलाकुसरीची वस्तू असेल, तर १९७२ च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर पाठवता येत नाही, हे परदेशातल्या मुलाकडे जाताना बॅगेत आजीचा दिवा भरणाऱ्या मैत्रिणींनीही लक्षात ठेवावं.

मला ट्रस्टींकडून काय हवं आहे? जीर्णोद्धाराचा ठराव होण्याआधी धर्मशाळा, पेढी, भांडारगृह, आयंबिल खातं, सगळीकडच्या जुन्या वस्तूंची यादी. ट्रस्टच्या नोंदणीत चल मालमत्तेची यादी असतेच, ती "पितळी सामान, एकत्र" अशा एका ओळीत न संपवता वस्तूगणिक लिहावी. प्रत्येक दिव्यासमोर फोटो, उंची, फिरकीवरची अक्षरं, कुणी अर्पण केला त्याचं नाव. एकदा नाव लिहिलं गेलं की किलोवर विकायला हात धजत नाही. विकायचंच ठरलं तर जाणकाराला दाखवून, बोली लावून विका, म्हणजे भंडारात तरी योग्य रक्कम पडेल. हे काम पुरुषांना जमणार नसेल तर महिला मंडळाकडे द्या. आम्ही पंचवीस वर्षं स्वामीवात्सल्याच्या पुऱ्या मोजतो आहोत, दिवेही मोजू.

आणि घरात? या दिवाळीत माळ्यावर चढाल, तेव्हा भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी सासूबाईंना किंवा आईला खाली खुर्चीवर बसवा आणि दिवा त्यांच्या हातात द्या. दिवाळी म्हणजे आपल्याला महावीरांचं निर्वाण, ज्ञानाचा उजेड गेला म्हणून अठरा गणराजांनी पावापुरीत दिवे लावले, ही कथा आपण दरवर्षी सांगतो. त्याच दिवशी घरातला दिवा तराजूवर चढवतो. म्हाताऱ्या माणसाच्या हातात कंदील दिला की हात आपोआप फिरकीकडे जातो, बघा तुम्ही. मग जे बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करा. काच कुठून यायची, तेल किती लागायचं, परीक्षेच्या दिवसांत कंदील कुणाच्या वाट्याला यायचा आणि मुलींना तो मिळायचा की नाही.

आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीला मी एक कोरी वही नेणार आहे. पहिल्या पानावर भांडारगृहाची चावी कुणाकडे असते ते लिहायचं आहे. पाच वर्षं विचारते आहे, प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो.